सुरीचं बटण

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. कंबर कशी आहे? शिलाई यंत्रासमोर उशी घेऊन बसता ना? (मामी म्हणते, उशी गिऱ्हाइकाला देता आणि स्वतः लाकडावर बसता.) मी इकडे सुखरूप आहे, आणि हा शब्द आज प्रथमच विचार करून लिहिते आहे, कारण काल माझी तोंडी परीक्षा झाली आणि चार वर्षांचं संशोधन पाण्यात जाता जाता वाचलं.

तुम्ही दर वेळी विचारता, तू नेमकं करतेस काय, आणि मी दर वेळी चहा टाकायला उठते. तर ऐका. संगणकात एकाच वेळी पुष्कळ कामं चालतात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात. ते कागदावर मांडायचं एक गणित आहे. वर्तुळं, त्यांच्यामध्ये रेघा, आणि वर्तुळांत ठिपके. रेघेमागच्या प्रत्येक वर्तुळात ठिपका असेल तरच रेघ ओलांडायची. समजा आचारी दोन, सुरी एक, फळी एक. एकाने सुरी धरली, दुसऱ्याने फळी, आणि दोघेही ‘आधी तू सोड’ म्हणत बसले, तर कांदा काही जन्मात चिरला जात नाही. अशी अडवणूक कधीच होणार नाही अशी मांडणी मी शोधली, सिद्धही केली. ठिपक्यांच्या जागी तुम्ही पाठवलेली कोटाची काळी बटणं घेतली. (आमच्या गणितात ठिपक्याठिपक्यात भेद नसतो, कुठलंही बटण चालतं.)

बाहेरचे परीक्षक आले. (चेहरा असा, की जन्मल्यावर रडण्याऐवजी त्यांनी शंका विचारली असावी.) म्हणाले, सिद्धता वाचली, आता चालवून दाखवा. मी टेबलावर तक्ता पसरून बटणं मांडली. घाईत दोनचार सांडली, ती गोळा केली. परीक्षकांनी स्वतः बटणं सरकवायला घेतली आणि पहिल्याच खेळीला सगळं ठप्प! दोन्ही आचारी हाताची घडी घालून उभे. “कधीच अडत नाही म्हणता ना?” माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाहते तर सुरीच्या वर्तुळात बटणच नाही, म्हणजे स्वयंपाकघरात सुरीच नाही! टेबलाखाली रांगले, पण कुठे काही सापडेना. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात माझे सर, ज्यांनी चार वर्षांत मला ‘बरं’ याच्यापलीकडे शाबासकी दिली नाही, ओशाळून खिशात हात घालत म्हणाले, “माझ्या कोटाचं पडलं समजून मीच उचललं होतं.” बटण जागेवर गेलं. मग पाऊण तास परीक्षकांनी ती बटणं हरतऱ्हेने सरकवली, एकदाही अडलं नाही. सही झाली! मी जिन्यात बसून आधी रडले, मग हसले, आणि मग कडकडून भूक लागली.

आशीर्वाद असावा.

तुमची भाची

ता. क. सोबतच्या पार्सलात सरांचा कोट आहे. मधलं बटण लावून सोमवारच्या आत पाठवा. शिंप्याची भाची असून मला बटण लावता येत नाही, हे कुणाला सांगू नका.

आणखी एक. काल परीक्षेला मैत्रिणीचे बूट घालून गेले होते, मापाला मोठे. घरी येऊन काढले तर एकातून तुमचं बटण निघालं. तशीच सरांकडे पळाले. कोटावर मधल्या जागी ताजे तुटलेले दोरे लोंबत होते. त्यांनी वहीतून मान वर केली नाही. म्हणाले, “कोट काय, दोन बटणांवरही चालतो.” मामा, दोरा दुहेरी घ्या.