मागायच्या आधी

बाबा, मी जर्मनीला चालली. हॉटेलचं काम शिकायला. हसू नका, खरंच. आठवड्यातले काही दिवस हॉटेलात काम, काही दिवस शाळेत पुन्हा बाकावर, आणि वरून पगार. जबलपूरच्या हॉटेलात रिसेप्शनवर उभं राहून पाय दुखवून घेतल्यावर या वयात दप्तर घेणार, याचा मला इतका आनंद झालाय की ऑटोतही जर्मन आकडे पुटपुटत बसते. परवा ऑटोवाले भैया म्हणाले, "दीदी, मंतर पढ़ रही हो क्या?"

मुलाखतीत स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलं, हे काम आधी कुणाकडून शिकलात? मी म्हटलं, बाबांकडून. भेडाघाटच्या गेस्ट हाउसात आचारी होते. आठवतं ना बाबा, शाळेला सुट्टी लागलेली, मी हट्ट धरला की मलाही पाहुण्यांना वाढू द्या. पण नव्या माणसाने पहिल्या दिवशी पाहुणा व्हायचं, हा तुमचा कायदाच होता. खांद्यावर नॅपकिन टाकून तुम्ही "मॅडमजी, और कुछ?" म्हणता आणि मी लाजून ताटात मान घालते. भाजी जहाल तिखट, ग्लास रिकामा. ताट उचलताना विचारता, "पाणी काहून नाही मागितलं?"

"लाज वाटली."

"पाहुण्यालाही वाटते. म्हणून मागायच्या आधी द्यायचं. चलो, आता वाढ."

मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये हे सगळं सांगितलं, तर बाई पेन ठेवून ऐकत बसल्या. निवड झाली, बाबा!

मग आईला सांगितलं. तुम्ही गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. "घरची चादर झटकायचा कंटाळा, अन् तिकडे परक्यांच्या चादरी घालशील," एवढंच बोलली. काल मी तिला तुमच्यासारखंच टेबलाशी बसवलं, गरम गोळाभात वाढला, भातावर बेसनाचे गोळे कुस्करून वरून फोडणीचं तेल घातलं. "मॅडमजी, और कुछ?" ती खुदकन हसली. पाणी होतं, लिंबू होतं, काही म्हणजे काही कमी नव्हतं. तरी ती माझ्याकडे बघत राहिली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

तिला काय पाहिजे होतं ते मला कळलं. कसं नाही कळणार, तुम्हीच शिकवलंय. तिने एकदा "नको जाऊ" म्हटलं असतं, तर मी थांबली असती. म्हणून तिचं जेवण व्हायच्या आधीच मी ताट उचललं.