पेनीवेट घळीतले खड्डे

टॅरिंगल,
३ मार्च १९९६

चि. सौ. ड्युल्सी हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पावलं. क्विन्सचा मुरंबाही पावला, आणि बाटली शाबूत होती. म्हणजे टपालखात्यात अजून एखादा शहाणा माणूस शिल्लक असावा. मी बरा आहे. निपर बरा नाही. पेनीवेट घळीच्या वरच्या टोकाला कुणीतरी खड्डा खणून तसाच उघडा टाकला होता. त्यात पडून त्याचा पुढचा पाय मोडला. अकरा वर्षांचं म्हातारं कुत्रं गं ते! आता पायाला प्लास्टर घालून चुलीपाशी पडून आहे आणि माझ्याकडे असं बघतं की जणू खड्डा मीच खणलाय.

शनिवार-रविवारचे सोनेवाले तुला ठाऊकच आहेत. मेलबर्नहून गाड्या भरभरून येतात. गुडघ्याला पॅड, डोक्यावर जाळीची टोपी, हातात धातू हुडकणारं, विमानासारखं दिसणारं मशीन. कालपरवा सोनं शोधायचा परवाना काढलेला, आणि पेट्रोलपंपावर विचारतात की सोनं नक्की कुठं सापडतं. मी गंभीर चेहरा करून गावाच्या जुन्या उकिरड्याची वाट दाखवतो. दिवसभर बियरच्या डब्यांच्या कड्या उकरतात बिचारे, आणि जाताना माझे आभार मानतात. असली जमात वरच्या टोकापर्यंत पोचणं शक्य नाही. ती वाट दोघांनाच माहीत आहे, मला आणि जोहाना डेकरला.

हो, तीच. शाळेची बस चालवते ती. दोन वर्षांपूर्वी मीच तिला शिकवलं. आवाज आला की खण, निघालं ते बघ, खड्डा बुजव, तीनदा टाच मार, वर पालापाचोळा पसर. खिळा निघो की छर्रा, तो कमरेच्या पिशवीत टाकून घरी आण, म्हणजे पुढच्याच्या मशीनला फसवणार नाही. चाळीस वर्षं मी हेच करत आलोय. स्वयंपाकघराच्या दारामागची रंगाची बादली त्या कचऱ्यानं भरत आली आहे. शिकवून काय उपयोग? बाई धांदरट ती धांदरटच.

कीथरावांना नमस्कार. लोभ आहेच, तो जिलाँगच्या दमट हवेत बुरसू देऊ नकोस.

तुझा,
मर्व्हिन

•

जिलाँग,
१२ मार्च १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निपरचं वाचून फार वाईट वाटलं. त्याला माझ्याकडून कोकराच्या मांसाचा तुकडा दे, आणि तो तूच खाऊ नकोस.

बाकी दादा, तुझ्या त्या घळीबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं जंगल उकरून तू काय मिळवलंस? कीथच्या एका दाताला पुरेल एवढं सोनं आणि बादलीभर खिळे. लोक म्हातारपणी गुलाब लावतात, बोलिंग खेळतात. तू मात्र कानाला हेडफोन लावून जमिनीशी बोलत बसतोस. पण तुझं तुला लखलाभ.

जोहानाचं मात्र मला पटत नाही. निपरला घेऊन डॉक्टरकडे कोण गेलं? तूच मागे फोनवर म्हणालास की तिनं शाळेची बस काढली. खड्डा टाकून कुत्र्याचा पाय मोडणारी बाई स्वतःच बस काढून धावत येईल का? पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नकोस. गाव छोटं आहे, एकदा बोललेलं परत घेता येत नाही.

माया आहेच, रागात तिला विसरू नकोस.

तुझी,
ड्युल्सी

•

टॅरिंगल,
२ एप्रिल १९९६

चि. सौ. ड्युल्सी हीस,
अ. उ. आ. वि. वि.

पुरावा मागितलास ना? घे पुरावा. गेल्या तीन आठवड्यांत वरच्या टोकाला आणखी सात खड्डे! सगळे उघडे, कडा ताज्या. माझ्याच घळीत, माझ्या नाकावर टिच्चून. म्हणून मी सापळा लावलाय. तंबाखूच्या जुन्या डबीत शिशाचा गोळा घातला, म्हणजे मशीन असं केकाटेल की बहिऱ्यालाही खणल्याशिवाय राहवणार नाही. आत चिठ्ठी ठेवली आणि दुभंगलेल्या आयर्नबार्कच्या झाडाच्या मुळाशी वीतभर खोल पुरली. चिठ्ठीची नक्कल तुझ्या माहितीसाठी देतो:

«चोरा, सोनं सापडलं वाटलं ना? तुझ्या लायकीचं हेच. खड्डा बुजवायची अक्कल नसलेल्या माणसानं जंगलात पाऊल टाकू नये, घरी चमच्यानं खीर खात बसावं. तुझ्यामुळे एका मुक्या जनावराचा पाय मोडला. जरा जरी माणूस असशील, तर त्या कुत्र्याची माफी माग, सगळे खड्डे बुजव आणि परवाना परत कर. – मर्व्हिन ट्रेगियर»

कशी आहे? वाचून तोंड काळं-निळं होईल.

अरे हो, एक गंमत सांगायची राहिली. परवा मेलबर्नचे सोनेवाले आले होते. सोनं नक्की कुठं सापडतं, म्हणून विचारत होते. मी त्यांना गंभीर चेहरा करून जुन्या उकिरड्याची वाट दाखवली. दिवसभर बियरच्या डब्यांच्या कड्या उकरल्या आणि जाताना माझे आभार मानले! आणि मुरंबा पावला बरं का, बाटली शाबूत होती.

तुझा,
मर्व्हिन

•

जिलाँग,
१० एप्रिल १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी वाचून कीथ पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. उकिरड्याची गंमत तू मार्चच्या पत्रातही लिहिली होतीस, जवळजवळ त्याच शब्दांत. मुरंबा पावल्याचंही. नवा मुरंबा मी अजून पाठवलेला नाही.

तू नीट जेवतोस ना? मेच्या मध्यावर मी चार दिवस येते. तोवर कुणावर आळ घेऊ नकोस, एवढं माझं ऐक. तुझ्या पत्राची वाट पाहते. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

ड्युल्सी

•

टॅरिंगल,
२९ एप्रिल १९९६

चि. सौ. ड्युल्सी हीस,
अ. उ. आ. वि. वि.

चोरटी सापडली! डबी गायब. आयर्नबार्कच्या मुळाशी भलामोठा खड्डा, उघडा! माझी चिठ्ठी वाचूनसुद्धा बुजवायची लाज वाटली नाही. इतकी निगरगट्ट बाई मी जन्मात पाहिली नाही. वर परवा भोपळ्याचं सूप घेऊन दारात हजर! निपर कसा आहे म्हणे. चिठ्ठीबद्दल एक अक्षर नाही. मी दार उघडलंच नाही. खिडकीतूनच सांगितलं की निपर तुझं नाव ऐकून गुरगुरतो.

आता ऐकून घेण्याचे दिवस संपले. परवान्याच्या कचेरीत तक्रार टाकली. खड्डे मोजून, जागा लिहून, तिच्या नावासकट. खड्डा न बुजवणं म्हणजे परवान्याची अट मोडणं, तो रद्द झालाच पाहिजे. जूनमध्ये त्यांचा माणूस येणार आहे. पबमध्येही सगळ्यांना सांगितलं. तिची बस गेली की आता लोक माना वळवून बघतात. बघू देत.

तू ये. चहाबरोबर स्कोन भाजशील तर क्रीम आणून ठेवतो.

तुझा,
मर्व्हिन

•

जिलाँग,
२० मे १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचले. तुझ्याकडचे चार दिवस स्कोन करण्यात आणि हवेवर बोलण्यात गेले. जे सांगायचं होतं ते तोंडून निघालं नाही. मी भित्री आहे. म्हणून लिहिते आहे, आणि सोबत एक छोटं पार्सल पाठवते आहे. आधी पत्र पूर्ण वाच.

शनिवारी सकाळी तू घळीत निघालास, तेव्हा मी तुझ्या मागून आले होते. तुला कळलं नाही, कानाला हेडफोन होते. पहिल्याच आवाजाला तू खणलंस, एक छर्रा निघाला, तो पिशवीत टाकलास. मग झाडावर मॅगपाय पक्षी ओरडला म्हणून वर पाहिलंस, बराच वेळ पाहत राहिलास आणि चालू लागलास. खड्डा तसाच राहिला. पुढे आणखी दोन तसेच. पहिले दोन मी हातानं बुजवले, तीनदा टाच मारली, तू शिकवल्यासारखी. तिसऱ्याशी येईपर्यंत मला रडू आवरेना, तो तसाच राहिला. दुपारी तू जेवायला आलास तो टेबलावर मूठ आपटतच. म्हणालास, आजही येऊन गेली ती, ताजा खड्डा आहे. दादा, त्या दिवशी जोहाना शाळेच्या मुलांना सामन्यासाठी बेंडिगोला घेऊन गेली होती. सकाळी सातला मीच तिची बस जाताना पाहिली.

काल निघायच्या आधी तुझी रंगाची बादली रिकामी करायला घेतली. घोड्याचे नाल, खिळे, छर्रे, आणि सगळ्यात वर तंबाखूची डबी. शिशाचा गोळा आत, चिठ्ठी आत. त्या बादलीत तुझ्या पिशवीखेरीज कुणाचं काही जात नाही. तूच डबी खणून काढलीस, कचरा समजून न उघडताच शिस्तीनं घरी आणलीस आणि विसरलास.

मी इतकी वर्षं तुझ्या मशीनची टिंगल केली. आता वाटतं, तू मूर्ख असतास तर किती बरं झालं असतं. मला फार भीती वाटते रे. डॉक्टरला दाखव, मी सोबत येईन. आणि तो कचेरीचा माणूस यायच्या आत तक्रार मागे घे. जोहानाचं गावातलं नाव तुझ्या हातात आहे.

रागावलास तरी चालेल, पण लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
ड्युल्सी

•

टॅरिंगल,
४ जून १९९६

चि. सौ. ड्युल्सी हीस,
अ. उ. आ. वि. वि.

डबी पोचली. पहिले दोन दिवस मी तुला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. तू म्हातारी झालीस, तुला भास होतात, जोहानानं तुला फितवलं, असं बरंच काही. तिसऱ्या दिवशी डबी उघडली आणि चिठ्ठी वाचली. एवढं खरमरीत पत्र मला आयुष्यात कुणी लिहिलं नव्हतं. लिहिणारा मोठा शहाणा दिसतो. त्याला वाटतं, जगात खड्डा बुजवणारा तो एकटाच.

तरी त्यानं सांगितलेलं सगळं केलं. आधी निपरची माफी मागितली. त्यानं हात चाटला. कुत्र्यांना स्वाभिमान नसतोच.

मग बसच्या आगारात गेलो. जोहाना इंजिनात डोकं घालून उभी होती. मी सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं लक्षात होतं तेवढं. ती म्हणाली, मला डिसेंबरच्या उन्हाळ्यापासून माहीत आहे मर्व. तू पुढे गेलास की मागून येऊन दिसतील तेवढे खड्डे मी बुजवत होते. निपर पडला तो मात्र माझ्या नजरेतून सुटला, त्याचं मला फार वाईट वाटतं. ऐकलंस? तिला वाईट वाटतं! मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस. तर म्हणाली, तू मला शिकवलंस, तुला कोणत्या तोंडानं सांगू. पबमध्ये मी तिच्याबद्दल काय काय बोललो तेही तिला ठाऊक होतं. तिनं इंजिनाचं झाकण लावलं आणि मला घरी सोडलं. एवढा क्षुद्र मी याआधी कधी वाटलो नव्हतो मला.

संध्याकाळी पबमध्ये जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर खरं सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

कचेरीचा माणूस काल आला. मी तक्रार मागे घेतली नाही. फक्त तिच्या नावावर काट मारून माझं लिहिलं, आणि चाळीस वर्षांचा परवाना त्याच्या हातात ठेवला. तो बिचारा गोंधळला, म्हणाला, दंड वगैरे काही नाही, ठेवा तुमच्याकडे. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. मशीन जोहानाला दिलं. आता दर शनिवारी ती पुढे खणणार, मी मागून फावडं घेऊन बुजवत जाणार. बुजवायला परवाना लागत नाही, हे मी त्या माणसाला आधीच विचारून घेतलंय. चौदा तारखेला ती मला बेंडिगोला डॉक्टरकडे नेणार आहे. तूही ये.

लोभ आहेच. पुढे मला आठवला नाही, तर तू आठवण करून दे.

तुझा,
मर्व्हिन

ता. क. – डबी खिशात ठेवली आहे. चिठ्ठी तीच आहे, एक अक्षर बदललं नाही. फक्त वर माझं नाव घातलंय, म्हणजे पुन्हा चुकून दुसऱ्या कुणाला जायला नको.