अठरा जहाजं वाटेतच थांबली त्याबद्दल

सिंदी मेघे, वर्धा
गुरुवार

आदरणीय कौशल्याबाईस धाकट्या रामाजीचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे तुझ्या नलूकडून कळलं. ते लगेच आष्टीच्या बाजारात एकटे फिरून राह्यले म्हणे, त्यांना आठ दिवस थांबायला सांग. इकडे लीलाची तब्येत ठीक. माझीही ठीक, फक्त या आठवड्यात मला एका संघातून काढून टाकलं आणि दुसऱ्या संघानं घेतलं नाही. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सविस्तर लिहितो. (फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच ‘म्हणजे काय’ विचारतेस आणि मी कुठे होतो ते विसरतो.)

मयुरी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून आम्हा बापलेकीचं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. जेवले का, जेवलो, गोळी घेतली का, घेतली, ठेवू? ठेव. दिवाळीत ती घरी आली तेव्हा लॅपटॉपवर एक खेळ खेळताना दिसली. अवकाशातला. जहाजं बांधायची, ग्रहांवरून खनिज आणायचं, आणि शेकडो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी त्यात असतात. मी म्हटलं, मलाही शिकव. तिनं शिकवलं आणि आपल्या संघात घेतलं. एकशे चाळीस जणांचा संघ. तेव्हापासून हेडफोन लावून आम्ही रोज संध्याकाळी तासभर बोलायला लागलो. विषय खनिजाचा, पण बोलणं ते बोलणं. लीला म्हणाली, “तुमच्यापाशी इतकं काय बोलते हे पोरगी? माह्याशी तं हो-नाईच्या पुढं जात नाई.” मी तिच्या कानाला हेडफोन लावून दिला. तिनं ऐकलं, “हे तं किती टन लोखंड भरलं ते सांगून राह्यली,” म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

आता राजकारण. जहाज बांधण्याआधी ते आखावं लागतं: इंजिन कोणतं, टाकी केवढी, माल किती, आणि एवढं वजन घेऊन ते किती लांब जाईल. ही आकडेमोड आमच्याच संघातल्या, अकोल्याच्या राकेशनं बनवलेल्या एका वेबसाइटवर व्हायची. तिला सगळे प्लॅनर म्हणत. (मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले, तरी मला प्लॅनर आवडला. रेषा तेवढ्या जाड होत्या.) जानेवारीत संघप्रमुखाची निवडणूक झाली. एका बाजूनं राकेश, दुसऱ्या बाजूनं इंदूरचा एक गृहस्थ, ज्याचं खेळातलं नाव गरुड. गरुड तेरा मतांनी निवडून आला. राकेश चिडला, साठ माणसं घेऊन वेगळा झाला आणि जाताना प्लॅनरला पासवर्ड लावून गेला. मयुरी त्याच्याबरोबर गेली. मी मागे राहिलो. तत्त्व वगैरे काही नव्हतं, संघ सोडायचं बटण मला सापडलं नाही. सापडलं तोवर मला तिथे मान मिळायला लागला होता.

कारण प्लॅनर नसल्यानं गरुडच्या लोकांची जहाजं भलतीकडेच अडकत होती, आणि मी आलेखाच्या कागदावर जहाजं आखून फोटो पाठवायला लागलो होतो. बाजूनं एक, वरून एक, कोपऱ्यात चौकट, चौकटीत वजनांची बेरीज आणि माझी सही. ऐंशी माणसं माझ्या सहीशिवाय जहाज हलवेनात. गरुड मला सर म्हणायला लागला. (खात्यात कोणी म्हटलं नव्हतं.) मग मार्चमध्ये त्यानं अठरा जहाजं आखायला सांगितली. राकेशच्या गटाचं एक स्थानक उडवायचं होतं. ते स्थानक मयुरीचं. तीन वर्षं ऑफिसातून आल्यावर एकेक तुकडा जोडून तिनं बांधलेलं. मी म्हटलं, दुसरं एखादं पाहा. तो म्हणाला, “सर, उनको इसी से सबसे ज़्यादा लगेगा.” मी दोन दिवस मागून घेतले आणि आराखडा दिला.

रविवारी सकाळी दहाला जहाजं निघाली. मी पोह्यांची बशी घेऊन पाहत बसलो. निम्म्याहून थोडं पुढे पहिल्याचं इंधन संपलं, मग दुसऱ्याचं. साडेदहापर्यंत अठराही जागच्या जागी उभी. मी टाकीचं वजन धरलं होतं, टाकीतल्या इंधनाचं धरलं नव्हतं. राकेशची माणसं आली आणि बंद पडलेले ट्रॅक्टर न्यावेत तशी ती ओढून घेऊन गेली. दोन्ही गटांना ऐकू जाईल अशा ठिकाणी मयुरी म्हणाली, “बाबा, इंधनाले वजन असते ना. काऊन विसरले तुमी?” बरेच जण हसले. मी म्हटलं, वय झालं.

सोमवारी गरुडनं तिघांची चौकशी समिती बसवली (त्यातला एक चौकशीभर जेवत होता) आणि हलगर्जीपणाबद्दल मला काढलं. मी राकेशच्या गटाकडे अर्ज केला. तिथे पंधरा जण मत देतात आणि कोणी काय दिलं ते सगळ्यांना दिसतं. अकराजण नको म्हणाले, चौघे चालेल म्हणाले. अकरांत मयुरी होती. संध्याकाळी तिचा फोन आला. “राग नोका मानू बाबा. तुमची आकडेमोड चुकली का लोकांची जहाजं अडकतात. बाप आहे म्हणून कशी घेऊ?” मी म्हटलं, बरोबर आहे. पुढे विषय उरला नाही. गोळी घेतली का, घेतली, ठेवू? ठेव.

भाऊजींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद. पाय शेकत जा.

तुझा
रामाजी

ता. क. खरं काम राहिलंच. मला नवं खातं उघडायचं आहे आणि एका मोबाइल नंबरवर एकच उघडतं. माझा नंबर वापरून झाला, लीलाचाही झाला (तिला माहीत नाही). म्हणून तुझा देतो आहे. मंगळवारी सहा वाजता तुझ्या मोबाइलवर सहा आकडे येतील, ते मले लगेच सांगजो. असे आकडे कोणाला सांगू नये म्हणतात ते खरं, पण मी तुझा भाऊ आहे. खेळात नाव तुझंच ठेवतो. मयुरीच्या गटात गेलो तरी मी बोलणार नाही, ऐकत राहीन.

आणखी एक. हे भाऊजींनाही वाचून दाखवू नोको. इंधनाचं वजन मी पहिल्या दिवशीच धरलं होतं, अठराही जहाजांचं. दुसऱ्या दिवशी बसून खोडलं. मयुरीले सांगजो नोको. बाप चुकला म्हणून तिनं एक मत विरोधात दिलं. बापानं सही करून खोटा नकाशा दिला हे कळलं, तर माझ्या बाजूची चार मतंही ती फिरवून आणेल.