चौदाव्या कलमाचं उदाहरण

प्रिय धाकटे,

माझं अक्षर बघून तू म्हणशील, अक्काने हे उजव्या हाताने लिहिलंय की डाव्या पायाने? गेली वीस वर्षं मी सांगते आणि माझा चिटणीस लिहितो. सही तेवढी माझी. आज त्याला दुपारीच घरी पाठवलं. 'बाई, तब्येत बरी आहे ना?' असं दारातून दोनदा विचारून गेला. सभासद-निवासातली ही खोली तू कधी पाहिली नाहीस. एक पलंग, एक टेबल, पुस्तकांची तीन कपाटं आणि भिंतीवर सरकारने ठोकून दिलेला टीव्ही. त्यावर सभागृहाचं कामकाज दिवसभर चालू असतं. आवाज बंद केला तरी तोंडं हलत राहतात. आज मी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवलाय.

तुला समोरच्या कंपाउंडरकाकांचा टीव्ही आठवतो? गल्लीतला पहिला. आपण त्यांच्या खिडकीचे गज धरून उभ्या राहायचो, मी चवड्यांवर आणि तू उलट्या ठेवलेल्या बादलीवर. निवेदिका 'नमस्कार' म्हणाली की तू खणखणीत आवाजात 'नमस्कार' म्हणायचीस आणि आत बसलेले सगळे हसायचे. ती आपल्याला दिसते तशा आपणही तिला दिसतो, अशी तुझी पक्की खात्री होती. आईने तुझा हा गैरसमज कधी दूर केला नाही, उलट कामाला लावला. 'झिपऱ्या घेऊन जाऊ नकोस गं, ती बाई बघते!' मग तू तळहात ओला करून भांगापासून कानापर्यंत सावकाश फिरवायचीस आणि मगच बादलीवर चढायचीस. मी नऊ वर्षांची होते. काचेपलीकडून कोणी बघत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी तुझं बघून माझाही हात जायचा. तो अजून जातो, बोलायला उभी राहण्याआधी, दर वेळी. माझ्या शेजारच्या बाकावरचे सभासद तरुणपणी खरोखरच आखाड्यात उतरायचे, म्हणून त्यांना सगळे पैलवान म्हणतात. ते म्हणतात, 'बाईंचा हात केसांवर गेला, आता मंत्र्यांनी कानात बोळे घालावेत.'

वकीलबाईचा फोन येतो अधूनमधून. ती माझी भाची कमी आणि तुझी वकील जास्त. तिच्याकडून कळतं, की शिलाईयंत्राची मोटर बदललीस, शाळांच्या गणवेशांचं काम यंदा दुप्पट आहे, गुडघा दुखतोय पण डॉक्टरचं नाव काढलं की तू पदर खोचून उठून जातेस. मी फोन केला की 'बरी आहे' म्हणतेस आणि फोन ठेवतेस. दोन वर्षांत तुझ्या तोंडून या दोन शब्दांपलीकडे मला काही मिळालेलं नाही. जिने बोलण्यावर चार निवडणुका जिंकल्या, तिला सख्ख्या बहिणीकडून दोन शब्द. जास्त मिळावेत असं मी वागलेही नाही.

लंबूला जाऊन या महिन्यात चार वर्षं होतील. दारातून आत येताना तो वाकायचा, आणि तू म्हणायचीस, 'एवढंच वाकतोस, बाकी कोणापुढे वाकत नाहीस.' त्या सकाळी तो चष्मा घरी विसरला आणि तू तो द्यायला रंगाच्या कारखान्यापर्यंत गेलीस. स्फोट झालाय हे तुला माहीत नव्हतं. फाटकापाशी धूर होता. पण धूर तिथे रोजच असतो, असं तुला वाटलं. एक मुलगी माइक घेऊन धावत आली, मागे कॅमेरा. 'तुमचं कोणी आहे का आत? आता काय वाटतंय तुम्हाला?' तू म्हणालीस, 'माझा मुलगा आहे. चष्मा द्यायला आलेय.' मग तिनेच तुला सांगितलं, की आतलं कोणी वाचलेलं नाही. आईला मुलाचं मरण कळतंय, हे सगळ्या देशाने जेवता जेवता थेट पाहिलं.

चार महिन्यांनी तुझ्या दुकानात आपण दोघीच होतो. तू शर्टांना काजं करत होतीस, मी दोरे तोडत होते. मान वर न करता तू म्हणालीस, 'अक्का, कॅमेरा दिसल्यावर मी केसांवरून हात फिरवला गं. थोडी हसलेसुद्धा. माझं लेकरू आत जळत होतं आणि मी केस सारखे करत होते.' मी म्हटलं, 'वेडे, ती बादलीवरची सवय. तिचा काय दोष?' तू किती वेळ रडलीस. मग डोळे पुसून म्हणालीस, 'कोणाला सांगू नकोस हं.' आणि मी हसून म्हटलं, 'मी कोणाला सांगतेय?'

त्यानंतर वर्षभराने दूरचित्रवाणीचं विधेयक सभागृहात आलं. त्यातलं चौदावं कलम माझं होतं. कोणत्याही दुर्घटनेत सापडलेल्या माणसाच्या नातेवाइकांना बातमी कळण्याआधी कॅमेऱ्यापुढे उभं करायचं नाही, आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय त्यांचा चेहरा कधीही दाखवायचा नाही. ते तुझ्यासाठी होतं, हे मी तुला सांगितलं नव्हतं; मंजूर झालं की सांगणार होते. समितीत आठ महिने भांडले. वाहिन्यांच्या मालकांचे मित्र दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसतात. शेवटी प्रसारणमंत्री म्हणाले, 'बाई, एक वाक्य जोडू द्या, आमची थोडी मतं तुमची.' ते वाक्य होतं: 'मात्र सभागृहाच्या कामकाजाचं वृत्त देताना हे कलम लागू होणार नाही.' आम्ही आत काय करतो ते लोकांना दिसलंच पाहिजे, असं मी आयुष्यभर घसा फोडून सांगत आलेय. मला त्या वाक्यात खोट दिसली नाही. मी मान डोलावली.

तरीही मतं कमीच पडत होती. चर्चेला उभी राहिले, आकडे दिले, इतर देशांचे कायदे सांगितले, मोठमोठ्या ग्रंथांतली वचनं म्हटली. समोरचे लोक जांभया देत होते, एक जण तर फोनवर कसलातरी सामना बघत होता. तेव्हा मी म्हटलं, 'अध्यक्षमहाराज, मी एक आई पाहिली आहे.' तुझं नाव घेतलं नाही. पण रंगाचा कारखाना म्हणाले, चष्मा म्हणाले. मग नाव घ्यायचं उरलं काय? आणि मग मी माझ्या स्वतःच्या केसांवरून हात फिरवून दाखवला. 'या यंत्राने आपलं काय करून टाकलंय बघा! मुलाच्या मरणाच्या दारात उभी असलेली आईसुद्धा आधी केस सारखे करते!' बादलीचं मी सांगितलं नाही. कंपाउंडरकाकांची खिडकी सांगितली नाही, की माझाही हात असाच जातो हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सभागृह हळवं झालं असतं, आणि मला ते हादरायला हवं होतं. हे मी उभ्या उभ्या ठरवलं, धाकटे. भाषणाच्या ओघात निसटलं असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आले, पण तुझ्यापुढे ते खोटं चालणार नाही. माझ्या तोंडून कधी काही निसटत नाही.

बाकं वाजली. पैलवान रुमालात तोंड घालून रडले. कलम मंजूर झालं. मी निवासात परत आले, टीव्ही लावला, आणि त्यावर तू होतीस. मी सांगितलं म्हणून त्यांनी ती जुनी फीत शोधून काढली होती. तुझ्या हाताभोवती लाल वर्तुळ आणि वर माझा आवाज. तोवर त्या फितीतला तुझा तो हात कोणाच्या ध्यानातही आला नव्हता. मी इथल्या एका वकिलाकरवी वाहिनीला नोटीस पाठवली. उत्तर दोन ओळींचं आलं: आम्ही सभागृहाच्या कामकाजाचं वृत्त देत आहोत, आणि ते चौदाव्या कलमातून वगळलेलं आहे. तुझ्यासाठी मी जी भिंत बांधली, तिला दार एकच ठेवलं होतं, आणि त्या दारातून तुलाच बाहेर ओढलं.

तू टीव्ही देऊन टाकलास. मापं द्यायला येणाऱ्या बायका मापं देता देता तुझ्या केसांकडे बघायच्या, म्हणून बायकांचं शिवणच सोडलंस आणि गणवेश धरलेस. हे सगळं वकीलबाईने सांगितलं. पण गेल्या महिन्यात तिने जे सांगितलं, त्यानंतर मला पुस्तक उघडवत नाही. तुझ्या नातीला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी उतारा दिला होता. तो माझा निघाला. कोणत्या तरी गुरुजींनी उत्कृष्ट भाषणांचं पुस्तक काढलंय, त्यातून घेतलेला. पोरीला काय माहीत? ती पाठ करून तुझ्यासमोर उभी राहिली, 'आजी, बघ हं,' म्हणाली, आणि ठरलेल्या वाक्याला तिने केसांवरून झटकन हात फिरवला. वकीलबाई स्वयंपाकघरातून धावत आली, तोवर तू शिलाईयंत्र थांबवलं होतंस. म्हणालीस, 'असं नाही बाळा. हात जरा हळू जातो.' आणि पुन्हा यंत्र सुरू केलंस.

मी त्याच आठवड्यात दुरुस्ती दाखल केली. चौदाव्या कलमातलं ते 'मात्र'पासूनचं वाक्य काढून टाकावं, एवढीच. काल ती चर्चेला आली. मला तीन मिनिटं मिळाली होती. मी काही बोलण्याआधीच मंत्री उठले. माणूस वाईट नाही, पण खेळ जाणतो. म्हणाले, 'या वाक्यामुळे कोणाचं नुकसान झाल्याचं सन्माननीय सभासद एकतरी उदाहरण देतील काय?' दोन्हीकडच्या माना माझ्याकडे वळल्या. सगळ्यांना उदाहरण माहीत होतं. पैलवान माझा पदर ओढून कुजबुजले, 'बाई, बोला की. तुम्ही तोंड उघडलंत की जिंकलो.' खरं होतं ते. तू, नात, ते यंत्राचं थांबणं, एवढं सांगितलं असतं तरी समोरची निम्मी मतं माझी होती. शब्दसुद्धा तयार होते. माझे शब्द नेहमीच तयार असतात. आणि संध्याकाळी प्रत्येक घरात तुझी नात दिसली असती. मी दोन्ही हात बाकावर ठेवून उभी राहिले. कॅमेरा माझ्यावर होता, त्याचा लाल दिवा समोर दिसत होता. कोणीतरी ओरडलं, 'बाईंचा आवाज गेला काय?' हशा झाला. तीन मिनिटांनी घंटा वाजली आणि मी खाली बसले. दुरुस्तीच्या बाजूने एकतीस, विरोधात अठ्ठावन्न. आजच्या पेपरांत मथळा आहे, 'वाघीण मुकी झाली'.

आता तुला कळलं असेल मी आज हे का लिहितेय. वाटलं होतं, या वेळी मी तुला दिलेला शब्द पाळला, हे तुला कळवावं. पण चार पानं लिहिल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं. बोलले तेव्हा तुला विचारलं नव्हतं, आणि गप्प बसले तेव्हाही विचारलं नाही. माझ्या गप्प बसण्याने ती फीत मोकळीच राहिली. उद्या ती कोणीही, कधीही लावू शकतो, आणि कायदा काही म्हणणार नाही. पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती पुन्हा मांडता येईल. ती जिंकायची वाट एकच आहे, आणि त्या वाटेवर तुझी लाज, तुझा लंबू आणि तुझी नात उभी आहेत. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा विचारते. एका कार्डावर एवढंच लिही, बोल किंवा बोलू नकोस. बोल म्हणालीस तर आधी बादलीपासून सांगेन, आणि माझ्याही हाताचं सांगेन. काहीच आलं नाही, तर तेही तुझं उत्तर समजून हात बाकावर ठेवीन. गुडघा डॉक्टरला दाखव.

पहिल्यांदाच तुझ्या शब्दासाठी थांबलेली,
तुझीच
अक्का