सेवामुक्तीचा कागद

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! मंडालेहून मेम्योचा घाट चढेपर्यंत गाडीत तिघांना उलट्या झाल्या, मला नाही. स्टँडवरून घोडागाडी केली. घोडा माझ्याच वयाचा असावा, म्हणजे चव्वेचाळीस. चढावर तो माझ्याकडे वळून बघायचा, जणू मी उतरून ढकलावं.

कर्नल ऊ ठुन येइन यांचं घर लाल विटांचं, पुढे स्ट्रॉबेरीचे वाफे. निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली. मला ते शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं ‘सयामा’ म्हणतात. त्यांच्या पत्नी दॉ सान यिन यांनी आल्या आल्या मोहिंग्याचा वाडगा पुढे केला. माशाचा रस्सा असा गरम की डोळ्यांतून पाणी आलं, आणि चौदा महिन्यांनी मी पोटभर जेवले. लष्कराने सत्ता घेतली त्या आठवड्यात आमचा छापखाना बंद पडला, तेव्हापासून मी घरीच बसून होते.

दुपारी दॉ सान यिन मला वॉर्ड ऑफिसात घेऊन गेल्या. घरी पाहुणा राहिला की नोंद हवीच. कारकुनाने नातं विचारलं, तर बाई पापणीही न हलवता म्हणाल्या, भाची. काम काय, तर यजमान आठवणी लिहिताहेत, त्या टाइप करायच्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, चाळीस वर्षं फौजीशी संसार केलाय, थाप मारायची सवय आहे मला.

खरं काम चहाच्या वेळी कळलं. पाच निवृत्त अधिकारी मिळून एक निवेदन काढणार आहेत. सत्ता लोकांची आहे, ती परत द्या, आणि शिपायांनो, आपल्याच माणसांवर गोळी चालवू नका. खाली पाच नावं, पाच हुद्दे, पाच सह्या. ते मी शुद्ध करून टाइप करायचं. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंदच झाला.

८ नोव्हेंबर

कर्नलसाहेबांचं शुद्धलेखन म्हणजे युद्धभूमी आहे. एका पानात एकोणीस चुका काढल्या. ते म्हणाले, तीन पलटणी सांभाळल्या, कुणाची माझी चूक काढायची छाती झाली नाही. मी म्हटलं, म्हणूनच देशाची ही गत. दॉ सान यिन स्वयंपाकघरात पोट धरून हसत होत्या.

आज न्याहारीला बाकीचे आले. मेजर ऊ फो लाट, ढेरपोटे आणि वात्रट, आले ते थेट माझ्या टाइपरायटरपाशी. विचारतात, सयामा, माझ्या नावापुढे ‘देखणा’ टाइप करता येईल का? नौदलाचे कॅप्टन ऊ मौंग गले गंभीर गृहस्थ, चहात साखर ढवळतानाही वेळ मोजतात. मंडालेचे दोन जुने तोफखान्याचे अधिकारी फारसं बोलले नाहीत. सही करताना मात्र पाचही जण उठून उभे राहिले. मेजर मागाहून हळूच म्हणाले की बायकोवर कधी केलं नाही तेवढं प्रेम या कागदावर करतोय मी, तिला कळलं तर मारेल.

कॅप्टनसाहेबांची मेहुणी तीस तारखेला उपचारांसाठी बँकॉकला निघणार आहे. कागद तिच्यासोबत जाईल आणि तिकडच्या रेडिओवर वाचला जाईल. तोवर तो टाइपरायटरच्या पेटीच्या अस्तरात राहील.

१३ नोव्हेंबर

कुणीतरी बोललं. कोण ते कळायचं नाही.

आजच्या सरकारी वर्तमानपत्रात तिसऱ्या पानावर चार ओळी आहेत. या पाच अधिकाऱ्यांची निवृत्ती रद्द करण्यात आली आहे, पुढील हुकूम होईपर्यंत ते सेवेत आहेत. अटक नाही, खटला नाही, निवेदनाचा उल्लेखसुद्धा नाही.

कर्नलसाहेब मोठ्याने हसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तरुण झालो म्हणाले. मेजरांनी निरोप पाठवला की बूट मिळणार असतील तर आपलं माप जरा वाढलंय. हसल्या नाहीत त्या फक्त दॉ सान यिन. त्यांनी ते पान घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं.

१७ नोव्हेंबर

मेजर ऊ फो लाट गेले. परवा सकाळी न्हाणीघरात पडले. लष्करी डॉक्टर न बोलावता आला आणि हृदय म्हणून लिहून गेला.

आज पुरून आलो. तिथे जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सरकारी नोकरीतला माणूस मेला की त्याचा वरिष्ठ एक कागद देतो: आजपासून तुम्ही सर्व कामांतून मोकळे आहात, सुखाने जा. तो शवपेटीत ठेवायचा. नाहीतर माणूस मेल्यावरही कामावर येत राहतो. माझे वडील रेल्वेत कारकून होते, त्यांच्या उशाला स्टेशनमास्तरांनी स्वतः कागद ठेवला होता. निवृत्ताला याची गरज नसते, तो आधीच मोकळा असतो. पण मेजर आता निवृत्त नव्हते.

त्यांच्या बायकोने छावणीत जाऊन कागद मागितला. तिथला अधिकारी फार नम्रपणे म्हणाला की सेवामुक्ती मंजूर नाही. मग कर्नलसाहेब म्हणाले, मी त्याच्याहून वरचा आहे, मी देतो. मी टाइप केलं, त्यांनी सही केली. झाकण लावायच्या आधी दोन शिपाई आले, कागद उचलला, घडी करून खिशात टाकला आणि टोपी काढून उभे राहिले. कुणी अडवलं नाही. मीही नाही. मला माझी लाज वाटते.

२१ नोव्हेंबर

सकाळचे आठ. धुकं होतं. फाटकाशी पहारेकरी उभा दिसला, नवा गणवेश, नवे बूट, तोंड घराकडे. मला वाटलं पाळत बसली. पाव आणायला निघाले आणि जवळून पाहिलं.

मेजर ऊ फो लाट.

ढेरी आहे. गालावरची चामखीळ आहे. गवतावर दव तसंच होतं, बुटांखालीसुद्धा एक पातं वाकलेलं नव्हतं. मी हाक मारली. ती त्यांना ऐकूच गेली नाही. त्यांच्या अगदी समोरून फाटक उघडून गेले, त्यांनी पाहिलंच नाही.

कर्नलसाहेब आतून आले, म्हणाले, अरे फो लाट, वेड्या, काय हे? तशी बंदूक आडवी झाली. नाव आणि हुद्दा सांगा, मेजर म्हणाले. चाळीस वर्षांचा दोस्त. कर्नलसाहेबांनी सांगितलं. उत्तर आलं की या हुद्द्याच्या इसमाला बाहेर जायची परवानगी नाही. आवाज मेजरांचाच होता, चेष्टा नव्हती त्यात.

दॉ सान यिन पाठोपाठ आल्या. त्याही अडल्या नाहीत. ज्यांना हुद्दा आहे तेवढेच त्यांना दिसतात. आम्ही बायका त्यांच्या लेखी हवा आहोत.

२५ नोव्हेंबर

कॅप्टन ऊ मौंग गले, आणि मंडालेचे दोघेही, एकाच दिवशी वारले. तिघांचंही हृदय. तिघांचेही कागद नामंजूर.

आता चौघे आहेत, कंपाउंडच्या चार कोपऱ्यांना. उन्हातही उभे असतात. शेजारीण भिंतीपलीकडून विचारत होती, तुमच्याकडे कुत्री का ओरडतात हो सारखी? तिला काही दिसत नाही.

मेजरांच्या बायकोला आम्ही सांगितलेलं नाही.

२७ नोव्हेंबर

कागद गेला. दॉ सान यिननी भाजीच्या टोपलीत, मोहरीच्या पाल्याखाली घातला आणि कॅप्टनसाहेबांच्या अगदी पुढ्यातून चालत गेल्या. बाजारात त्यांच्या मेहुणीच्या हातात दिला. परत येऊन टोपली खाली ठेवली. म्हणाल्या, कॅप्टनसाहेबांचे ओठ हलत होते ग. मोजत होते.

२८ नोव्हेंबर

कर्नलसाहेबांनी मला आज समोर बसवलं. माझा कागद टाइप करून ठेवा, म्हणाले. आवाज साधा होता.

म्हणाले, मरणाची भीती घालवूनच फौजेत गेलो होतो सयामा. पण मला यांच्यासारखं उभं राहायचं नाही. आज माझ्या घरापुढे उभे करतात, उद्या कॉलेजपुढे करतील. मेल्यावर मला पोरांवर बंदूक रोखायची नाही. एवढं करा माझ्यासाठी.

सही कोणाची, मी विचारलं. कर्नलच्या वरचे सगळे तर तिकडे सत्तेवर बसलेत.  तेवढंच तर अडलंय, ते म्हणाले.

मी शब्द दिला. कसा पाळणार, माहीत नाही.

३० नोव्हेंबर

काल न्याहारीला जीप आली. कर्नलसाहेबांनी चहा संपवायची परवानगी मागितली. मिळाली नाही. दुपारी चारला परत आणलं, चादरीत. हृदय.

आज पुरलं. कागद मी शवपेटीत ठेवला होता, खाली माझं नाव, न्युंट यी, टंकलेखिका. कुणाची तरी सही हवीच होती. शिपायांनी वाचला. एक दुसऱ्याला म्हणाला, हुद्दा कुठाय हिचा? हसले. फाडलाही नाही, परत त्यांच्या छातीवर टाकला आणि व्हरांड्यात सिगरेट ओढायला गेले.

मी पेन काढलं. नावापुढे लिहिलं, ब्रिगेडियर. कर्नलला सोडायचं तर वरचाच हवा. सही पुन्हा केली, ठसठशीत. दॉ सान यिननी पाहिलं आणि झाकण स्वतः ओढलं.

१ डिसेंबर

सकाळी पाचवा पहारेकरी नाही! पडद्याआडून तीनदा मोजले, चारच. कर्नलसाहेब सुटले. दॉ सान यिन माझ्या गळ्यात पडून रडल्या, मीही रडले.

मग सुचलं, चौघांना का नाही? चार कागद टाइप केले. फाटकाशी जाऊन मोठ्याने वाचले, मोकळे आहात, सुखाने जा. सही, ब्रिगेडियर न्युंट यी.

मेजरांनी मान वळवली. पहिल्यांदाच त्यांना मी ऐकू गेले. त्यांनी सलाम ठोकला आणि धुक्यात चालते झाले. मग कॅप्टन. मग ते दोघे.

आत्ता लिहिताना लक्षात येतंय. सलाम. मला. त्यांना मी दिसले.

२ डिसेंबर

रेडिओवर वाचलं! पाचही नावं, हुद्द्यांसकट, एक काना-मात्रा न गाळता. दॉ सान यिन आवाज वाढवतच होत्या. गल्लीतल्या खिडक्या एकेक उघडत गेल्या आणि प्रत्येक घरात तोच आवाज. एवढ्यासाठी सगळं सोसलं.

दुपारी फाटकाशी बूट ठेवलेले सापडले. नवे. माझ्या मापाचे.

३ डिसेंबर

बुटात हुकूम होता. ब्रिगेडियर न्युंट यी यांनी पाचही मृत अधिकाऱ्यांच्या वतीने निवेदन मागे घेतल्याचा कागद टाइप करून सही करावी. रेडिओने वाचलंय तसंच हेही वाचतील, सही खरी असेल तर. आता माझी सही खरी आहे. मीच ती खरी केली.

दॉ सान यिननी बूट चुलीत घातले. तासाभराने पाहते तर माझ्या पायात. मी कधी घातले—

गवतावरून चालून पाहिलं. दव मोडत नाही.

मी मेलेले नाही. नाडी लागते. मोजली.

४ डिसेंबर

पहाटे बिगुल. उठून उभी होते, डोळे उघडायच्या आधी.

दॉ सान यिन म्हणतात, तुझा सेवामुक्तीचा कागद मी लिहिते, नावापुढे जनरल लावते, काय करतील मला? पेन हातात घेतलं होतं त्यांनी. हिसकावलं. मग त्यांना कोण सोडवणार? आणि त्यांच्यानंतर— नाही. माझ्यापाशी थांबू दे. त्यांना मेजरांच्या बायकोकडे पाठवलं. जात नव्हत्या. ओरडले. हुकूम दिला मी. त्या जागच्या जागी ताठ झाल्या— देवा, हुकूम कसा दिला मी—

गेल्या.

टाइपरायटर उघडा आहे. मी उघडला नाही. उजवा हात ऐकत नाही. कागद चढवलाय त्याने. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वाकडं—

आम्ही खाली सह्या करणारे हे निवेदन माग— नाही. खोडलं. हात मध्येच इकडे आला होता. त्याच्यावर बसले आहे.

पाचांपैकी एकानेही माघार घेतलेली नाही. एकानेही नाही. मी तिथे होते, सही करताना उभे राहिले होते ते. या वहीच्या शेजारी जो टाइप केलेला कागद सापडेल, सही माझीच दिसेल, पण तो माझा न