अर्धा किलो भाजणी पुरे

६ सप्टेंबर, शनि.
दमले. दिवसभर इथे चेन्नईत गिंडीच्या युनिटमध्ये स्टोअर्सला बसून नटबोल्ट मोजायचे आणि संध्याकाळी युनिव्हर्सिटीत जाऊन नटबोल्ट कसे मोजावेत ते शिकायचं. आवडतं मला, खोटं कशाला बोलू. पण अंगात त्राण राहत नाही. वर्गातली मुलं आमच्या लेकीपेक्षा, ओवीपेक्षा थोडीच मोठी. सगळी मला अक्का म्हणतात.
आज कल्याणी मॅडमनी खेळ खेळवला. एक दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक कारखाना. कमी पडेल या भीतीने जो तो जरा जास्तच मागवतो, आणि शेवटी सगळा डोंगर कारखान्यावर कोसळतो. कारखाना मी होते. नवीन काय त्यात.
बस चुकली. अर्धा रस्ता तंगडतोड.

११ सप्टें.
ग्रुप प्रोजेक्ट आलं. एक खरी पुरवठा-साखळी घ्यायची, माल निघतो तिथपासून पोचतो तिथपर्यंत. माझ्या गटात दोन मुलगे आणि यामिनी. यामिनी तंजावरच्या मराठी घरातली. तिचं मराठी ऐकलं की कुणाच्या तरी पणजीशी बोलतेय असं वाटतं. दोन वाक्यं झाली की ती तमिळवर जाते, मी इंग्रजीवर, आणि मग जमतं. मुलगे गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात विचारणार आहेत.
घरी आले तर अविनाशने चहा करून ठेवलेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवरा आपण होऊन चहा करतो तेव्हा काहीतरी असतं.

१२ सप्टें.
होतंच. बदली. नागपूर. नोव्हेंबरच्या मध्यात हजर व्हायचं.
"तुला काय वाटतं?" म्हणाला. मी म्हटलं, "मला काय वाटायचंय? तू ठरवशील ते."
भोपाळला बी.एड. अर्धं राहिलं. गुवाहाटीला लायब्ररीतलं काम सुटलं. आता हा डिप्लोमा, परीक्षा मेमध्ये. पळसाला पाने तीनच. राग आला होता का मला? आला होता. भांडी जरा जोरात घासली, बस.

२० सप्टें.
दिवाळीची भाजणी. दरवर्षीप्रमाणे सुधाताई साताऱ्याहून पाठवणार. नणंद म्हणून नव्हे, पण तिच्या भाजणीच्या चकल्या खरंच तोंडात विरघळतात. इथे क्वार्टर्समधल्या मराठी घरांची मागणी गोळा करायचं काम माझ्याकडे. सगळ्यांचं एकच पालुपद. देशपांडेकाकू: "अर्धा किलो पुरे गं. आम्ही दोघंच, खातंय कोण." मीनल: "थोडीशीच. उगाच ताईंना त्रास." मीही स्वतःची अर्धाच सांगितली. आपण एक किलो कशी सांगणार?
अविनाशच्या ऑफिसातले एक जण पुण्याहून येताहेत, त्यांच्या बॅगेतून येईल.

२६ सप्टें.
गुम्मिडिपूंडीवाल्यांनी नाही म्हणून सांगितलं. मुलगे तोंड पाडून बसले. मॅडम म्हणाल्या, "घरातली घ्या. साखळी ती साखळीच." यामिनीने माझ्याकडे बघितलं. माझ्या डब्यातली, जुन्या उरलेल्या भाजणीची शेवटची चकली खात होती ती तेव्हा. ठरलं, भाजणी.

१ ऑक्टो.
युनिटमध्ये आयुधपूजा. मशिनींना चंदन-कुंकू, सगळ्यांना चुरमुरे-गूळ. माझ्या वजनकाट्यालाही कुणीतरी झेंडूचा हार घातलेला. बरं वाटलं उगाच.
रात्री जेवताना अविनाश म्हणाला, "ओवीची शाळा एप्रिलपर्यंत आहे. मुलांच्या शिक्षणासाठी क्वार्टर ठेवता येतं. तुम्ही दोघी थांबा, मी पुढे जातो." सासूबाईंनाही फोनवर तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, शाळेसाठी थांबायलाच हवं.
माझ्या कोर्सचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. आयतं मिळतंय तर गप्प बसावं. सुटले.
पण मग भांडी पुन्हा जोरात का घासली, कोण जाणे.

१२ ऑक्टो., रवि.
भाजणी आली. आणि कमी पडली. अर्धा किलो सांगणाऱ्या देशपांडेकाकू हातात हा मोठा स्टीलचा डबा घेऊन हजर. त्यांच्या लेकीकडेही द्यायची होती म्हणे. मीनलला ऑफिसमध्ये चकल्या वाटायच्या होत्या. मी म्हटलं, सांगायचं ना आधी. तर, "अगं, थोडी जास्त येतेच की दरवर्षी."
विचारलं सुधाताईला. म्हणे, यंदा हात दुखत होता, सांगितली तेवढीच केली.
मग सुरू झालं: मला नको, तू घे. नको नको, तुम्हीच घ्या. माझी अख्खी पिशवी मी त्या दोघींना वाटून टाकली. दोघी गेल्या त्या गाल फुगवूनच. हात दाखवून अवलक्षण.

२० ऑक्टो.
दिवाळी. चकल्या नाहीत. ओवी म्हणाली, "आई, तू सगळ्यांसाठी मागवतेस आणि आपल्यालाच नाही?" कोपऱ्यावरच्या दुकानातून मुरुक्कू, म्हणजे इथली चकली, आणला. चांगला होता. फटाक्यांनी डोकं उठलं.

१ नोव्हें., शनि.
प्रेझेंटेशन. यामिनीने फळ्यावर सातारा, पुणे, चेन्नई असे बाण काढले. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "पुस्तकात लोक भीतीने जास्त मागतात. तुमच्यात कमी मागतात. का?"
यामिनीने मला पुढे ढकललं. मी म्हटलं, आमच्याकडे तोंड उघडून मागणं बरं दिसत नाही. देणाऱ्याने ओळखून जास्त द्यायचं.
"आणि त्याने ओळखलं नाही तर?"
"मग आम्ही रुसतो."
अख्खा वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "अक्का, जी मागणी कधी नोंदवलीच नाही, ती पुरी झाली नाही म्हणून कुणाला दोष देणार?"
मॅडम भाजणीबद्दलच बोलत होत्या. बसमध्ये बसले आणि डोळे भरून आले. शेजारची बाई म्हणाली, "एन्नम्मा, काय झालं?" म्हटलं, काही नाही, वारं लागलं. बघा, तिथेही काही नाहीच.

५ नोव्हें.
पाऊस. युनिटमध्ये पाणी शिरलं, खालच्या रॅकवरचा माल वर उचलला. कंबर गेली.
अविनाशने नागपूरच्या शाळेत सहज चौकशी केली. बदलीवाल्यांच्या मुलांना मध्येच प्रवेश मिळतो, लगेच. ओवी नाचतेय, तिची जुनी मैत्रीण तिथे आहे. अविनाश माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबला होता की काय? मी कपड्यांच्या घड्या करत राहिले.

७ नोव्हें.
यामिनीला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही घरी सांगितलंत का, तुम्हाला राहायचंय म्हणून?" म्हटलं, त्यांना कळत नाही का?  तिने फळ्याकडे बोट दाखवलं फक्त. आमचे बाण अजून पुसलेले नव्हते. कार्टी.

८ नोव्हें., शनि.
दुपारी सासूबाईंचा फोन. त्यांना सगळं कळलेलं. "ओवीच्या शाळेचं जमलं म्हणे. मग आता कशाला मागे राहायचं? अविनाशच्या जेवणाचे हाल होतील."
अविनाश समोरच पेपर घेऊन बसला होता. पान उलटत नव्हता.
मी म्हटलं, "आई, ओवीला जाऊ दे त्याच्याबरोबर. मला थांबायचंय. माझा कोर्स पुरा करायचाय."
पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. 
मग त्या म्हणाल्या, "किती दिवस?"
जिभेवर आलं होतं: थोडेच दिवस, आई. अगदी ओठांवर. गिळलं ते.
"मेपर्यंत," म्हटलं. "परीक्षा होईपर्यंत. पूर्ण."
"एकटी?"
"एकटी. लेडीज हॉस्टेल बघेन."
"अविनाशला दे फोन."
दिला. त्याने पेपर बाजूला ठेवला, माझ्याकडे पाहिलं, फोन घेऊन बाल्कनीत गेला आणि दार ओढून घेतलं. मी हे लिहायला बसले. ओवी विचारतेय, आई, तू खरंच येणार नाहीस? काचेतून त्याची पाठ दिसतेय. आत्तापर्यंत तो फक्त ऐकत होता. आता बोलायला लागलाय.