खडपावरची हाक

मालवण,
८ मे १९६४

प्रिय मित्र बाबली यास,

तुझं पत्र शिमग्याला आलं आणि उत्तर चैत्र सरताना जातंय. निबंध वेळेवर दिला नाही म्हणून मुलांना अंगठे धरायला लावणारा मास्तर स्वतः हा असा. हेही पत्र तीनदा फाडून लिहितोय.

गेल्या रविवारी सुट्टीत गावात उरलेल्या मुलांना घेऊन लाँचने गेलो होतो. आधी किल्ला, मग आपला पाकोळ्यांचा खडप, भर समुद्रातला तो गुहेचा खडक. मुंबईच्या पक्षीवाल्यांनी तिथे पाखरांच्या राखणीची चौकी बसवल्यापासून लाँच तिथवर नेते. मी बारा वर्षांत होडीत पाय ठेवला नव्हता. मासेमारी करणाऱ्या गाबिताच्या पोटी जन्मून मला बोट लागली. मुलं तोंडावर हात धरून हसत होती, मीही हसण्यावारी नेलं.

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि बाहेर पाटी, 'मोठ्याने बोलू नये'. गुहेच्या छताला पाकोळ्या थुंकीने घरटी चिकटवतात, ती खरवडून विकायला आणणं हा आपल्या लहानपणी पराक्रम होता. आता तो गुन्हा, आणि राखणदार कोण, तर तुझे वडील. साहेब लोक काशीरामतात्यांवर बेहद्द खूश आहेत, कारण ते आल्यापासून एक घरटं चोरीला गेलेलं नाही. तू लिहिलं होतंस, तात्या चौकीत रमले हे बरं झालं. बाबली, ते रमलेले नाहीत.

लाँच लागली तेव्हा ते ओठांवर बोट ठेवूनच उभे होते. "हळू बोला रे, पोरांनू." मला वाटलं, पाखरांसाठी. मग मुलांना घरटी दाखवता दाखवता ते मध्येच थांबले, आत अंधाराकडे तोंड केलं आणि "ओ" म्हणाले. कुणीही हाक मारलेली नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मी त्यांच्याकडे बघितलं तर मलाच म्हणाले, "झील हाक मारता नि बापाशीन ओ देवक नको?" त्यानंतर मुलांना गप्प बसा म्हणावं लागलं नाही.

त्यांनी आपली खाट खोलीतून काढून गुहेच्या तोंडाशी नेली आहे. भरतीचं पाणी तिच्या पायांना लागतं, लाकूड हिरवं झालंय. त्यांच्या जोडीचा राखणदार गणपत, त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, महिन्याभरापासून तात्या पेज दोन वाडग्यांत वाढतात. पावसाळ्यात चौकी बंद असते आणि चोवीस तारखेची लाँच शेवटची. तात्यांनी त्याला सांगून ठेवलंय, "तू जा, मी हंयसरच रवतलंय." पावसात त्या गुहेत लाट छतापर्यंत चढते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मला फार भीती वाटते, बाबली.

तुझ्या धाकट्या भावाला, लवूला, जाऊन या ज्येष्ठात बारा वर्षं पुरी होतात. प्रेत मिळालं नाही म्हणून सगळं थांबलेलं. आता भटजी दर्भाचा पुतळा करायला सांगतील, त्याला अग्नी दिला जाईल, आणि तुझ्या आईने हट्टाने राखायला लावलेलं आनंदीचं कुंकू पुसलं जाईल. लवूची ती बायको मला बाजारात भेटते, भावजी म्हणून हाक मारते. मी बांगडे निवडत असल्याचं सोंग करतो.

निघताना तात्या लाँचपर्यंत आले. माझा हात घट्ट धरला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "गुरू, तेवा तू भायरच होतंस. त्यान किती हाका मारल्यान रे?" मी म्हटलं, एकही नाही. त्या वेळी पंचांपुढे सांगितलं होतं तेच. "मगे आता खंयसून मारता?" म्हणाले, आणि परत फिरले.

म्हणून लिहितोय. मिळेल त्या बोटीने निघ, चोवीसच्या आत पोच. ते माझ्या सांगण्याने यायचे नाहीत, तुला बघून येतील. खांद्यावर घालून आणावं लागलं तरी आण. पण त्याआधी एक गोष्ट तुला कळायला हवी, कारण तुझ्या शेजारी बसून ती सांगायची माझी छाती होणार नाही. त्या दुपारी लवू आत दोरावर घरटी काढत होता आणि मी गुहेच्या तोंडाशी होडी धरून होतो. भर मध्यान्हीची वेळ. आपल्याला तात्यांनीच शिकवलेलं, दर्यावर एका हाकेला ओ द्यायची नाही, तिथे माणसाच्या आवाजात बोलावणारे असतात, तीन हाका आल्या तरच तो माणूस. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिलो. मग पाकोळ्या तेवढ्या बाहेर आल्या, सगळ्या एकदम. हे तात्यांना सांगितलं, तर त्यांच्याच शिकवणीने त्यांचा मुलगा गेला असं होईल. नाही सांगितलं, तर ते ओ देत तिथेच बसतील. काय करायचं ते तू ठरव, मला तो अधिकार उरलेला नाही. लवूने एकदाच हाक मारली होती. माझं नाव घेऊन मारली होती, आणि मी ती नीट ऐकली होती.

तू म्हणू देशील तर तुझाच,
गुरुदास